समुद्री टाकीतले मासे : कोण आधी, कोण शेवटी

मरीन टाकीतल्या माशांची यादी करायला बसाल तेव्हा ती शेवटून सुरू करा. टाकीतला सगळ्यात मोठा, सगळ्यात हट्टी आणि भांडकुदळ मासा कोणता असणार, हे आधी ठरू द्या. तो येणार सर्वांत शेवटी, पण त्याच्या आधी येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या शेजारी राहायचं आहे. प्रत्यक्षात होतं नेमकं उलटं. टाकी लागते, पाणी स्वच्छ दिसायला लागतं आणि पहिल्याच रविवारी चार निळे डॅमसेल घरी येतात. स्वस्त असतात, काटक असतात, आणि दुकानदारही 'आधी हेच टाका' म्हणतो. काही महिन्यांत चारांतला एक उरतो आणि तो पुढे येणाऱ्या प्रत्येकाचे पर कुरतडतो. त्याला बाहेर काढायचं तर सगळा खडक उचलावा लागतो.

मासे हळूहळू सोडा, हे सगळेच सांगतात. पण त्यामागे तीन निरनिराळी कारणं आहेत. पहिलं जिवाणूंचं: माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत पडणाऱ्या खाण्याच्या प्रमाणातच वाढतात, त्यामुळे नवा मासा आला की त्यांना संख्या वाढवायला काही दिवस लागतात. दुसरं रोगाचं: नवा मासा सोबत काय घेऊन आलाय ते दिसायला आठवडे जातात. तिसरं जागेचं, आणि इथे वेळेपेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी आलेला मासा खडकातली कपार आपली मानतो आणि मागून येणाऱ्याला तिथून हाकलतो. म्हणून भित्रे आधी आणि दांडगे शेवटी. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक जण थोड्याफार पाळतात, तिसरी विसरतात.

टाकीत जागा किती

इथे चार फुटी टाकी धरली आहे: १२० × ४५ × ४५ सेंटीमीटर. गणिताने २४३ लिटर होतात, पण वर सोडलेली जागा, वाळू आणि खडक वजा केले की प्रत्यक्ष पाणी २०० लिटरच्या आसपास उरतं. प्रवाळ नाहीत, खडक, मासे, काही गोगलगायी आणि एखादी कोळंबी. दोन फुटी टाकीतही मरीन होतं, पण तिथे पाणी बिघडायला एक मेलेला मासा पुरतो. नवख्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, हा सल्ला खाऱ्या पाण्यात उलटा लागू होतो.

गोड्या पाण्यातला 'एक गॅलनला एक इंच मासा' हा ठोकताळाही इथे सोडून द्या. २५ अंश तापमानाला समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा जवळपास एक पंचमांश कमी ऑक्सिजन मावतो. त्यात मरीन टाकीचा पीएच ८.१ ते ८.४, आणि पीएच चढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. शिवाय खडकांतले बरेच मासे एकेक कपार धरून राहणारे असतात. त्यांना लिटर नको, पत्ता हवा असतो. म्हणून या टाकीत लहान-मध्यम मिळून आठ ते दहा मासे. दहा म्हणजेसुद्धा भरलेली टाकी.

यादी कागदावर

प्रत्येक माशापुढे पाच गोष्टी लिहा: पूर्ण वाढीची लांबी, टाकीत कुठे राहतो, काय खातो, कोणाशी पटत नाही, आणि उडी मारतो का. एवढं लिहिलं की अर्धे मासे आपोआप गळतात.

लांबीवर गळणारा पहिला उमेदवार म्हणजे ब्लू टँग, दुकानातला 'डोरी'. दुकानात तो दोन बोटांएवढा दिसतो, पण वाढला की ३० सेंटीमीटरपर्यंत जातो. त्याला पोहायला सहा फुटी टाकीही फार मोठी म्हणता येणार नाही. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो डॅमसेल पिल्लू असताना गोंडस दिसतो. मोठा झाला की १४ सेंटीमीटरचा गुंड होतो आणि ठिपकेही फिके पडतात. लायनफिशच्या काट्यांत विष असतं, आणि तोंडात मावेल तो शेजारी त्याच्या पोटात जातो.

खाण्यावर गळणारे याहून फसवे, कारण ते दुकानात धडधाकट दिसतात. मँडरिन दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपत फिरतो. नव्या टाकीत ते नसतातच, त्यामुळे तो आठवड्यागणिक बारीक होत जातो. मूरिश आयडॉल आणि कॉपरबँड बटरफ्लाय यांतले बरेच टाकीत खायलाच मागत नाहीत. क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. आठ माशांच्या टाकीत त्याचं पोट भरणं कठीण. हे मासे सुंदर आहेत, पण माझ्या मते पहिल्या दोन वर्षांत कोणीही ते आणू नयेत, दुकानदार कितीही 'खातो हो' म्हणाला तरी.

न पटण्याचा नियम सोपा आहे. मासे बहुधा आपल्यासारख्याच दिसणाऱ्याशी भांडतात. आकार सारखा, रंग सारखा, राहायची जागा सारखी किंवा खाणं सारखं, यातल्या दोन गोष्टी जुळल्या की कटकट ठरलेली. म्हणून यादी करताना टाकीचे मजले पाडा: वाळूवरचा एक, कपारीतले एक-दोन, मधल्या पाण्यातले तीन-चार, सगळीकडे हिंडणारा एक.

यादीत कायद्याचाही एक रकाना ठेवा. समुद्री घोडे, दगडी प्रवाळ, राक्षसी शिंपले आणि समुद्री काकड्या २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून काढलेला प्रवाळाचा खडक कोणी 'लाइव्ह रॉक' म्हणून देऊ केला तर घेऊ नका. कोरडा कृत्रिम खडक किंवा सिरॅमिक रॉक आणून त्यावर जिवाणू वाढवले तरी काम तेवढंच होतं. चार-सहा आठवडे जास्त लागतात एवढंच.

पाणी, आणि उन्हाळा

घरातल्या प्यायच्या आरओचं पाणी चालेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. चवीसाठी त्या मशिनमध्ये थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर लावला की ४०-५० किंवा त्याहूनही जास्त आकडा येतो. मरीनसाठी तो शून्याजवळ हवा, म्हणजे आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा हवा. मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी भरून आणायचा विचारही नको. त्यात शहराचं सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात क्षारता कोसळते. मरीन सॉल्ट लिटरला साधारण ३५ ग्रॅम, बादलीत रात्रभर फिरवून, मग रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजायच्या उपकरणावर विशिष्ट गुरुत्व १.०२५. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर तो तपासून घ्या.

तापमान २५ ते २७ अंश. इथे महाराष्ट्रातच दोन महाराष्ट्र होतात. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबई, रत्नागिरीच्या दमट हवेत तोच पंखा फारसं काही करत नाही, आणि मे महिन्यात चिलर किंवा एसी लागतो. हा खर्च टाकीच्या बजेटमध्ये पहिल्या दिवशी धरा. पंख्याने उडालेलं पाणी भरताना डीआयचं गोडं पाणीच घाला. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. खारं पाणी घालत गेलात तर क्षारता नकळत चढत जाते.

वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवत ठेवणारा पंप, असू द्या. पाणी हललं नाही तर भरलेल्या टाकीत ऑक्सिजन काही तासांत संपतो.

सायकल : मासा न घालता

पूर्वी डॅमसेल घालून टाकी सायकल करायची, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढवायची, पद्धत होती. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. हे दोन्ही गट वाढेपर्यंत तो मासा अमोनियात भाजत राहतो. आता त्याची गरज नाही. अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला साधारण २ मिलिग्रॅम) आणा, बाटलीतले जिवाणू घाला, पंप चालू ठेवा, दिवे बंद. दोन-तीन दिवसांआड चाचणी करा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि शेवटी तेही उतरेल. साधारण चार ते सहा आठवडे जातात.

सायकल झाली हे ठरवायची कसोटी एकच: २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. पाणी स्वच्छ दिसणं, खडक तपकिरी होणं, 'महिना झाला' ही कसोटी नव्हे. कसोटी पास झाली की मोठा पाणीबदल करून नायट्रेट उतरवा. केवळ माशांच्या टाकीत ते २०-३० पीपीएमच्या आत राहिलं की पुरे.

यानंतर वाळूवर तपकिरी थर येतो. घाबरू नका, ते डायटम असतात आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतात. मग हिरवं शेवाळ धरलं की ट्रोकस आणि सेरिथ गोगलगायी आणा, दहा-बारा पुष्कळ. दुकानदार पन्नास सांगेल. शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि पाणी नासवतात.

क्वारंटाईनची छोटी टाकी

नवा मासा मोठ्या टाकीत जाण्याआधी काही आठवडे वेगळा ठेवायची ही टाकी. ती टाळणारे फार आहेत, आणि मोठ्या टाकीतले बहुतेक घात तिथूनच सुरू होतात. ६० × ३० × ३० सेंटीमीटरची साधी टाकी पुरते. आत वाळू नाही, खडक नाही. हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो लपायला, एक हीटर, एक एअर पंप आणि स्पंज फिल्टर. तो स्पंज महिनाभर आधी मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, टाकून ठेवा, म्हणजे जिवाणू त्यात बसलेले असतील. वर झाकण किंवा जाळी हवीच.

प्रत्येक नवा मासा इथे किमान चार आठवडे, जमलं तर सहा. मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे मरीन इक. ठिपके एक-दोन दिवसांत गायब झाले म्हणून मासा बरा झाला असं समजू नका. परजीवी अंगावरून गळून तळाशी जातो आणि तिथे फुटून शेकडोंनी परत येतो. अंगावर बारीक धुळीसारखा थर आणि धापा असतील तर व्हेल्व्हेट. यात तास मोजावे लागतात. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट चिकट पापुद्रे सुटले तर ब्रूक्लिनेला. पहिल्या दोन रोगांवर तांब्याचं औषध, बाटलीवरची पातळी तांब्याच्या टेस्ट किटने रोज मोजून. तिसऱ्यावर तांबं उपयोगाचं नाही, तिथे फॉर्मेलिनचा बाथ लागतो, आणि तो हाताळताना हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यात.

तांबं मोठ्या टाकीत कधीच घालू नये. कोळंबी आणि गोगलगायी मरतात, आणि ते खडकात मुरून बसतं. इक मोठ्या टाकीत शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून टाकी दोन ते अडीच महिने माशांशिवाय चालवणं हाच खात्रीचा उपाय आहे. हे एकदा ज्याने केलं, तो पुन्हा क्वारंटाईनची चार आठवड्यांची वाट बघायला कुरकुरत नाही.

या काळात दुसरंही एक काम होतं: मासा खायला शिकतो. आधी गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), मग दाणे. कोकणी घरात ताजी कोळंबी, तिसऱ्यांचं मांस आणि माकूळ असतंच. मीठ-हळद लागायच्या आधी थोडं बाजूला काढा, कोळंबीची साल टाकून मांस घ्या, बारीक चिरा, स्वच्छ धुवा आणि पातळ वड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. हट्टी मासेही बहुधा तिसऱ्यांना नाही म्हणत नाहीत.

दुकानात

मासा आला त्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर दुकानात टिकू द्या आणि मग जा. दुकानदाराला तुमच्या समोर खायला घालायला सांगा. नाही म्हणाला तर पैसे खिशात ठेवून परत या. डोक्यामागे पाठ बारीक आणि पोट आत गेलेलं, डोळ्यावर ढग, पर फाटलेले, कल्ल्यांची उघडझाप जलद, असा मासा स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो. एका माशाची तब्येत बघताना त्याच टाकीतल्या इतरांचीही बघा, कारण पाणी सगळ्यांचं एकच.

इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधल्या काही भागांत मासे सायनाइडने गुंगवून पकडायची सवय जुनी आहे. असे मासे वरून ठीक दिसतात आणि काही आठवड्यांनी मरतात. म्हणून जिथे मिळेल तिथे हॅचरीत वाढलेला मासा घ्या. क्लाउनफिशच्या बाबतीत तर सबबच नाही: केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र देशात बसवलं आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशच्या पैदाशीचा प्रकल्प झाला. हॅचरीतला मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो.

क्षारता विचारायला विसरू नका. बरीच दुकानं रोग दाबायला आणि मीठ वाचवायला पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. मासा खालच्या क्षारतेत सहज उतरतो, वर चढायला त्याला वेळ लागतो. म्हणून क्वारंटाईनचं पाणी आधीच दुकानाच्या आकड्यावर आणून ठेवा आणि मग रोज ०.००१ ते ०.००२ ने वर न्या.

घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की उघडायची आणि मासा लगेच हलवायचा. थेंब-थेंब पाणी सोडत दोन तास बसण्याची पद्धत लांबून आलेल्या माशाला घातक ठरू शकते. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियाचं विष होतं. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, हे तर आलंच.

क्रम : चार फुटी टाकीसाठी एक यादी

ही एक यादी आहे, एकमेव नव्हे. पण क्रम लावण्यामागचा विचार त्यात दिसेल. दोन गटांमधलं अंतर क्वारंटाईनच ठरवतं: एक गट मोठ्या टाकीत गेला की पुढचा छोट्या टाकीत येतो. म्हणजे सायकल संपल्यापासून टाकी भरायला सात-आठ महिने.

पहिला गट: यलो वॉचमन गोबी एक, फायरफिश एक. गोबी वाळूवर बसतो, काटक आहे, आणि पिस्तूल कोळंबी सोबत आणली तर ती बीळ खणते आणि हा दारात पहारा करतो. कोळंबीला दिसतं कमी, म्हणून तिची मिशी सतत त्याच्या अंगाला लागलेली असते. हा व्यवहार बघण्यासाठी टाकीसमोर खुर्ची ओढून बसावं. फायरफिश या यादीतला सर्वांत भित्रा. कोणी हटकायला नसताना तो टाकीत आला तर त्याला बीळ सापडतं आणि तो बाहेर फिरायला शिकतो. शेवटी आला तर खडकामागेच राहतो आणि एके रात्री उडी मारून जमिनीवर सापडतो. फायरफिश एकच घ्या. जुळलेली जोडी नसेल तर दोघांपैकी एकच उरतो.

दुसरा गट: तीन पजामा कार्डिनल. संथ, मधल्या पाण्यात एका जागी तरंगणारे, कोणाच्या वाट्याला न जाणारे. ते निवांत तरंगताना दिसले की फायरफिशलाही धीर येतो. बांग्गाई कार्डिनल जास्त देखणा आहे, पण त्यांचा गट फुटतो आणि शेवटी जोडी उरते, म्हणून आणायचे तर जोडीच आणा. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांग्गाई बेटांच्या परिसरातला आणि तिथे तो संकटात आहे, त्यामुळे फक्त हॅचरीतला. क्रोमिसचा थवा फोटोत छान दिसतो. घरच्या टाकीत मात्र सहाचे पाच, पाचाचे तीन होत जातात.

तिसरा गट: ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, दुकानातला 'निमो'. पुष्कळ जण ही जोडी पहिली सोडतात आणि मासा काटक असल्याने ती जगतेही. तरी मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण जोडी वयात आली की टाकीचा एक कोपरा तिचा होतो. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात. दोघांतला मोठा आणि वरचढ मादी बनतो. म्हणून एक मोठा आणि एक स्पष्टपणे लहान घ्या, किंवा दोन्ही पिल्लंच घ्या. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एक मरते. लहान मासा मोठ्यापुढे अंग थरथरवत आडवा झाला तर काळजी नको, तो 'तूच मोठी' असं मान्य करतोय. समुद्रफुलाची, म्हणजे ॲनिमोनची, त्यांना टाकीत गरज नसते. ॲनिमोनला प्रखर दिवे आणि वर्षभर मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीत तो फिरत फिरत वेव्हमेकरमध्ये जाऊन सगळं पाणी नासवतो.

चौथा: टेलस्पॉट ब्लेनी. तोपर्यंत खडकावर पुरेसं शेवाळ धरलेलं असतं, आणि तेच त्याचं खाणं. म्हणून तो आधी आणून उपयोग नाही. काही ब्लेनी गोबीला आपला भाऊबंद समजून हुसकावतात. हा बहुधा कपारीतून डोळे फिरवत बसतो आणि वाळूवर कमी उतरतो, त्यामुळे निभतं.

पाचवा: रॉयल ग्रामा. इथे डोळे उघडे ठेवा. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, म्हणून आपल्याकडे महाग. त्याच्यासारखाच अर्धा जांभळा, अर्धा पिवळा डॉटीबॅक इंडोनेशियाकडून येतो, स्वस्त असतो, आणि काही ठिकाणी ग्रामा म्हणूनच विकला जातो. ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात ठिपक्याठिपक्यांनी मिसळत जातो, डोळ्यातून काळसर रेघ जाते आणि पाठीवरच्या परावर पुढे काळा ठिपका असतो. डॉटीबॅकमध्ये दोन रंग सुरीने कापल्यासारखे वेगळे दिसतात. ग्रामा आपल्या कपारीपुढे तोंड मोठं वासून दाखवतो आणि तेवढ्यावर थांबतो. डॉटीबॅक थांबत नाही, फायरफिश तर त्याच्या पहिल्या तडाख्यातच जातो.

शेवटचा: टोमिनी टँग, किंवा टँग नको असेल तर सिक्सलाइन रास. दोघे एकत्र नकोत. टोमिनी १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि टँगमधल्या लहानांपैकी आहे. चार फूट ही त्याची किमान सोय. त्याला रोज बिनमसाल्याची नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, क्लिपला लावून द्या. सिक्सलाइन जेमतेम सात-आठ सेंटीमीटरचा, पण सुरुवातीला सोडला तर नंतर आलेल्या प्रत्येकाचा छळ करतो. शेवटी सोडला तरी हमी नाही, फक्त त्याला आधीपासून बसलेले नऊ जण भेटतात.

टाकीवर जाळीचं झाकण पहिल्या गटापासूनच हवं.

सोडण्याचा दिवस

आधी जुन्यांना पोटभर खाऊ घाला, मग दिवे बंद करा आणि नवा मासा संध्याकाळी सोडा. तिसऱ्या गटापासून पुढे त्याला आधी दोन-तीन दिवस भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात, टाकीतच लटकवून ठेवा. जुने येऊन काचेवर धडका देतात, मग कंटाळतात. धडका थांबल्या की डबा उघडा. टँगसाठी एक जुनी युक्ती: टाकीच्या बाहेर आरसा लावला की तापट मासा आपल्याच प्रतिबिंबाशी भांडण्यात दिवस घालवतो आणि नव्याला जागा शोधायला वेळ मिळतो.

पुढचा आठवडाभर अमोनिया मोजा, पहिले तीन दिवस रोज. खाणं एकदम वाढवू नका. दोन मासे वाढले म्हणून दुप्पट घातलं की जिवाणू मागे पडतात. अमोनिया दिसलाच तर एक दिवस उपास आणि पंचवीस ते तीस टक्के पाणीबदल. नायट्राइटने खाऱ्या पाण्यातले मासे गोड्या पाण्यातल्यांइतके लवकर मरत नाहीत, पण ते दिसलं म्हणजे पुढचा गट लांबवायचा. आठवड्याला दहा टक्के पाणीबदल एरवीही चालूच.

पाठलाग आणि भांडण यांत फरक करा. पहिले दोन दिवस पळापळ होते, पर पसरून दाखवले जातात; यात हात घालू नये. पर फाटले, नवा मासा पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात अडकून राहिला किंवा सलग दोन दिवस खायला बाहेर आला नाही, तर हात घालायचा. अशा वेळी नव्याला नव्हे, दांडगाई करणाऱ्या जुन्याला आठवडाभर डब्यात घाला. तो बाहेर येईपर्यंत नव्याने कपार धरलेली असते आणि परतणारा स्वतःच थोडा परका झालेला असतो. खडकांची मांडणी बदलूनही हाच परिणाम साधतो, पण गोबीचं बीळ ढासळू देऊ नका.

मधला मासा गेला तर

टाकी भरल्यावर वर्षभराने फायरफिश मेला तर लगेच नवा फायरफिश आणू नका. आता तो शेवटचा येणार आहे, आणि यादीतल्या सर्वांत भित्र्याला सर्वांत शेवटी सोडणं म्हणजे त्याला उडी मारायला लावणं. रिकाम्या जागेसाठी आता टाकीत बसलेल्यांपैकी सर्वांत दांडग्यासमोर टिकेल असा मासा शोधा, किंवा ती जागा तशीच राहू द्या. फायरफिशच हवा असेल तर आधी टँग आणि ग्रामा दोघांना क्वारंटाईनच्या टाकीत हलवा, फायरफिश सोडून दोन आठवडे बसू द्या, आणि मग एकेक करून पूर्वीच्याच क्रमाने त्यांना आत घ्या: आधी ग्रामा, मग टँग.